आदला दिवस

सोनागिरी, भोपाळ
रविवार, दुपार

प्रिय जयंता,

थंडीतलं ऊन अंगणात उतरलंय. वसाहतीतली निलगिरीची झाडं पेंगल्यासारखी हलतायत. अशा वेळी मला नेहमी तू नावेत दिसतोस. इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेच्या आदल्या दिवशी तू सकाळपासून मोठ्या तलावावर एकटाच वल्हवत राहिलास. पाणी आणि आभाळ एकच झालं होतं, असं नंतर म्हणालास. घरी आलास तो तापानं फणफणून.

निकालात तुझं नाव नव्हतं तेव्हा बाबा म्हणाले, "ताप नसता तर पहिला आला असता." शेजारचे अरविंदकाका तर कौतुकानं हसले, "अवलिया आहे पोरगा!" आई मात्र कितीतरी दिवस तुझं ताट वाढून न बोलता आत जायची. आणि मी, तुझी ताई, सगळ्यांदेखत म्हणाले, "ताप आला नाही, तू तो आणलास. आळशी कुठला!" महिन्याभरात तू नागपूरला नोकरी धरलीस. दर भाऊबीजेला येतोस, ओवाळून घेतोस. बोलत मात्र नाहीस.

इथलं सांगते. कारखान्याच्या नकाशा विभागात मी अजून दुसऱ्यांचे नकाशे उतरवते. गेल्या वर्षी बढतीची परीक्षा होती. अभ्यासासाठी रजा घेतली, आणि आदल्या दिवशी घरातल्या सगळ्या गाद्यांच्या खोळी काढून धुतल्या. दिवसभर त्या दोरीवर फुगत राहिल्या आणि मी खुळ्यासारखी बघत बसले. किती हलकं वाटलं म्हणून सांगू! नापास झाले. नरहर साहेब म्हणाले, "बायकांना घरचं सुटत नाही हो, नाहीतर डोकं तल्लख आहे तुमचं." मला ते गोडच वाटलं. पण शेजारच्या टेबलावरची वासंती मान वर न करता म्हणाली, "खोळी त्याच दिवशी धुवायच्या होत्या?" आठवडाभर ती माझ्यासोबत डबा खायला बसली नाही.

तिचा राग आला. मग कळलं, ती माझ्याच आवाजात बोलली होती. तू आळशी नव्हतास रे. घाबरला होतास. मला ते तेव्हा दिसायला हवं होतं.

परवा पुन्हा परीक्षा आहे. या वेळी सगळा अभ्यास झालाय. अंगात ताप नाही, घरात काम नाही. नापास झाले तर सांगायला एकही कारण उरलेलं नाही. हे ज्याला कळेल असा मला तू एकटाच माहीत आहेस, म्हणून लिहिलं.

तुझीच, घाबरलेली,
सुचेताताई