दोन मिनिटं मध्ये बोलायचं नाही

३ ऑक्टोबर २०२५
दसऱ्याच्या मुहूर्तावर करायचा संकल्प एक दिवस उशिरा करतोय. काल पुरणपोळ्या जास्त झाल्या. संकल्प असा: रिसर्च. मोबाइलवर एक लेख वाचला. पेशंट बोलायला लागला की डॉक्टर लोक त्याला काही सेकंदांतच तोडतात म्हणे. पूर्ण बोलू दिलं तर अर्धा आजार तिथंच उतरतो. मानवतमध्ये या विषयाला अजून कुणी हात घातलेला नाही. मी घालणार. तीनशे पेशंट, प्रत्येकाला एकशे वीस सेकंद, आपण मध्ये एक अक्षर बोलायचं नाही. जानेवारीत परभणीला फॅमिली डॉक्टरांची परिषद आहे. बेस्ट पेपरला शील्ड असते.
समोरच्या डॉ. नीलमशी याचा काडीचाही संबंध नाही. दीड वर्षापूर्वी दवाखाना टाकला पोरीनं. आज तिच्याकडे त्रेचाळीस पेशंट. खिडकीतून सहज दिसतं.

५ ऑक्टोबर
परभणीहून स्टॉपवॉच आणलं, खेळाच्या सामानाच्या दुकानातून. फॉर्म छापले. नाव, गाव, मोबाइल, आत आल्याची वेळ, बोललेले सेकंद, समाधान. समाधानासाठी तीन पुठ्ठे: हसरा चेहरा, साधा चेहरा, रडका चेहरा.
लिंबाजीला काम समजावलं. लिंबाजी माझा कंपाउंडर, सत्तावीस वर्षांपासून. त्यानं रजिस्टर भरायचं, पेशंट बाहेर आला की पुठ्ठे दाखवायचे. अट एकच. अभ्यास संपेपर्यंत मला मध्ये काही सांगायचं नाही, लिंक तुटते. काही असेल ते तीनशे झाल्यावर. त्यानं मान हलवली आणि तो खोकला.
मग विचारतो कसा, सायेब, पेशंट काय बोलला ते कुठं लिवायचं? हसू आलं. अरे, काय बोलतात ते रोजचंच असतं. मोजायचे सेकंद. गाढवाला गुळाची चव काय!

६ ऑक्टोबर
पहिला दिवस. पहिली पेशंट सरजाबाई, गुडघे. नऊ सेकंद बोलली आणि थांबली. मी गप्प, नजर घड्याळावर. पन्नास सेकंद. सत्तर. नव्वदला ती रडायला लागली. मी गप्पच, नियम म्हणजे नियम. बाहेर जाऊन तिनं लिंबाजीला विचारलं, डाक्टरसाब काहीच बोलंनात, किती दिस राह्यले रे माजे?
तरी हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवून गेली. सुरुवात आशादायक आहे.

१४ ऑक्टोबर
सॅम्पल ३८. जिनिंगवरचा गोपीचंद एकशे वीस सेकंद भावकीवर बोलला. दुखतं काय, ते एकशे एकविसाव्या सेकंदाला सुरू केलं. तोवर मी बेल मारली होती.
पुठ्ठ्यांचा वेगळाच ताप. बायनाबाईनं विचारलं, हे नगरपालिकेचं हाय का झेडपीचं, आन् शाई कोन लावनार? दोघांनी रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. लोकांचा खामखा गोंधळ होतो. लिंबाजीला सांगितलं, साधा आणि रडका खिशात ठेव, मागितला तरच काढ. तेव्हापासून सगळे समाधानी.

२८ ऑक्टोबर
सॅम्पल १०२. शतक!
लिंबाजीचा खोकला आतपर्यंत ऐकू येतो. ऐन एक्क्याण्णवाव्या सेकंदाला खोकला आणि पेशंट बाई विषय विसरली. एक फॉर्म वाया. कापसाचा सीझन आहे, गाड्यांची रांग लागली की सगळं मानवत खोकतं, यात नवल ते काय. कंपनीकडून फुकट आलेलं सिरप दिलं. म्हणाला, ह्या टायमाला जरा येगळा वाटायलाय. म्हटलं, लिंबाजी, तीनशे झाल्यावर.
ट्रॅक्टरच्या आवाजानं पेशंट विचलित होतात म्हणून वेटिंग रूमच्या खिडक्या बंद करून घेतल्या. आता कशी पिन ड्रॉप शांतता असते. खोकला सोडून.

१२ नोव्हेंबर
लिंबाजीची पँट ढगळ झाली आहे, कमरेला सुतळी बांधून येतो. दवाखान्याचं इम्प्रेशन जातं. बेल्ट घ्यायला सांगितलं. पण वजन उतरलंय छान. शुगरच्या पेशंटना हल्ली मी त्यालाच बोलावून दाखवतो. बघा, या वयात माणूस कसा चपळ झाला, ना जिम ना डाएट. सगळे कौतुकानं बघतात. आज तोही हसला. हसता हसता ठसका लागला, भिंत धरून उभा राहिला. लाजाळू आहे.

२३ नोव्हेंबर
जेवताना सौ. म्हणाली, अहो, लिंबाजीकडे बघा जरा, माणूस पार वाळलाय, संध्याकाळी अंगाला हात लावला तर तापलेला असतो. मी सांगितलं, रोज दहा तास बघतो मी त्याला. तीस वर्षांची प्रॅक्टिस आहे माझी, तुझी किती? ताटं उचलून आत गेली. घर की मुर्गी दाल बराबर, दुसरं काय.

४ डिसेंबर
डॉ. नीलम रस्ता ओलांडून आली. सर म्हणाली, वाकून नमस्कारबिमस्कार. तुमचे कंपाउंडर, म्हणाली, त्यांचा खोकला... तिथंच थांबवलं. माझा स्टाफ फोडायचा डाव मला कळत नाही असं वाटतं तिला. दवाखाना दवाखान्याच्या जागी, माझी माणसं माझ्या जागी, असं सुनावलं. काही म्हणायला लागली होती, पण मी बेल मारून पुढचा पेशंट घेतला. ती पेशंट नाही. तिला एकशे वीस सेकंद लागू नाहीत.

१३ डिसेंबर
सॅम्पल २९९. एकच राहिला. तिसऱ्या प्रहरापासून दारात कुणी नाही, समोर मात्र जत्रा. चिडचिड झाली. मग लिंबाजीच म्हणाला, सायेब, मला घ्या की पेशंट म्हनून. स्टाफला घेता येत नाही खरं तर. पण अडला हरी. घेतला.
खुर्चीवर बसताना त्यानं टोपी काढून हातात धरली. बोलायला लागला. थांबलाच नाही! तीनशे जणांत असा कुणी भेटला नाही. सत्तर, ऐंशी, नव्वद. माझा श्वास अडकला होता, आता थांबतो का मग थांबतो. शंभर. शेवटी एकशे अठराला दम लागून थांबला. अभ्यासातलं सर्वोच्च अखंड श्रवण! मी पाठ थोपटली, दुसरं सिरप दिलं. समाधानाचा पुठ्ठा त्याच्याच हातात होता, हसरा. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. यालाच म्हणतात पेशंट केअर.
तीनशे पूर्ण. पेढे आणले.

१७ डिसेंबर
पेपर लिहितोय. निष्कर्ष: समाधान शंभर टक्के. ते दोन रडके फॉर्म तांत्रिक कारणानं सहा डिसेंबरला बदलले.
लिंबाजी हल्ली दोन-दोनदा समोर येऊन उभा राहतो. बोलत काही नाही, नुसता बघतो. काय रे, विचारलं. न्हाई सायेब, म्हणाला, तुमचा इचार चालू द्या. कसला विचार? असो. बहुतेक पेपरबद्दल म्हणत असावा. त्यालाही उत्सुकता आहे.

२५ डिसेंबर
लिंबाजी न सांगता गैरहजर. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. ऐन टायपिंगच्या वेळी! इंजेक्शनच्या सुया कुठं ठेवल्यात तेही सापडेना. माणसाला जवळ केलं की डोक्यावर बसतो.
संध्याकाळी त्याची बायको दैवशाला दारात. आत आली नाही. सकाळी रक्ताची गुळणी आली म्हणे, परातभर. शेजाऱ्यांनी उचलून समोर नीलमकडे नेलं, तिनं एकच इचारलं, कवापासून? आणि तिच्याच गाडीतून सरकारी दवाखान्यात. टीबी. दोन्ही बाजू.
टीबीला काय झालंय, सहा महिने गोळ्या घेतल्या की खडखडीत. तिला तेच सांगितलं. मी सांगितलं तेव्हा ती नीलमच्या दाराकडे बघत होती.

२ जानेवारी २०२६
सरकारी टीबी विभागाचा माणूस आला, धम्मानंद. शांत, हातात फाइल. लिंबाजीबरोबर बंद खोलीत कोण कोण बसलं होतं त्याची यादी पाहिजे म्हणाला, साधारण आठवतील तेवढी नावं. मी रजिस्टर पुढं टाकलं. नाव, गाव, मोबाइल, वेळ. तीनशेच्या तीनशे. तो बघतच राहिला. अशी यादी मला नोकरीत कुणी दिलेली न्हाई साहेब, म्हणाला.
ऊर भरून आला. शेवटी सरकारला माझ्या डेटाची गरज पडलीच. खिडक्या का बंद होत्या तेवढं तीनदा विचारलं. आवाजाचं शास्त्र समजावून सांगितलं. त्यानं सगळं लिहून घेतलं.
जाताना मला आणि सौ.ला एकेक डबी दिली, सकाळच्या थुंकीसाठी. सौ.नं निमूट घेतली. माझी टेबलावर आहे. मला साधा खोकला आहे, कापसाचा.

६ जानेवारी
यादीतल्या सगळ्यांना फोन गेले. आज सरजाबाई चौकात उभी राहून ओरडत होती, ह्या डाक्टरानं मला दोन मिनिटं मुक्यानं बघत ठिवलं आन् टीबीच्या हवेत बशीवलं. दवाखान्यात दिवसभर एकही पेशंट नाही. पेपरची रंगीत तालीम करायला निवांत वेळ मिळाला.

११ जानेवारी
परिषद. सात मिनिटं दिली होती. पहिली स्लाइड झाली आणि अध्यक्ष म्हणाले, डॉक्टर, डायरेक्ट निष्कर्षावर या, जेवणं थंड व्हायलीत. मी आलो. शंभर टक्के समाधान. मागून कुणीतरी विचारलं, पेशंट बोलले काय पण? मी म्हणालो, ते अभ्यासाच्या कक्षेत नव्हतं. लोक हसले. टाळ्याही वाजल्या थोड्या.
शील्ड सेलूच्या एका पोरसवदा डॉक्टरला. मला सहभागाचं सर्टिफिकेट, त्यावर नावाची जागा मोकळी. आपलं आपण लिहून घ्या म्हणाले. सुवाच्य अक्षरात लिहिलं.
लिंबाजी तिथंच, परभणीच्या वॉर्डात होता. जायचं ठरवलं होतं. पण जेवणाला उशीर झाला आणि मास्क गाडीत नव्हता.

१८ जानेवारी
लिंबाजी पहाटे गेला. मूठमातीला गेलो नाही. लोकांनी उगाच तमाशा केला असता, आणि तो त्याला आवडला नसता.
नवा कंपाउंडर बघायला हवा. जाहिरात द्यावी का?
दिवसभर काही सुचलं नाही. रजिस्टरमधलं त्याचं अक्षर बघत बसलो. सुरेख अक्षर होतं. शेवटी शेवटी ओळी खाली उतरत गेल्यात. तेव्हा वाटलं होतं, आळस.

२७ जानेवारी
दुपारी लिंबाजीची मुलगी आली, पिंकी. पालमला दिलेली. लहानपणी याच दवाखान्यात खेळायची, इंजेक्शनच्या रिकाम्या खोक्यांची घरं करायची. बस म्हणालो, बसली नाही.
म्हणाली, काका, भांडायला आले न्हाई. एकच इचारायचं हाय. आईनं बाबाला चौदा तारखेलाच म्हनलं व्हतं, चला नीलम मॅडमकडं. लय हातापाया पडली. बाबा म्हनला, काल सायबानं समदं ऐकून घेतलंय. सत्तावीस वर्सांत कदी कुनी येवढं ऐकलं न्हाई माजं. मधी एक सबद बोलले न्हाईत. त्यंचा इचार चालू हाय. आता दुसऱ्याच्या दारात जानं म्हंजी त्यंचा आपमान. बारा दिस तुमच्या तोंडाकडं बघत ऱ्हायला बाबा. म्हनून इचारते, त्यानं त्या दिवशी काय काय सांगितलं व्हतं तुमाला?
तीनशे नंबरचा फॉर्म काढून दिला. तिनं वाचला. सेकंद ११८. समाधान, हसरा. उलटून पाहिला, मागं कोरा. म्हणाली, ह्यात न्हाई. तुमीच सांगा, आईला जाऊन सांगते.
मी सांगायला तोंड उघडलं. टोपी हातात होती, ते आठवलं. डोळ्यांतलं पाणी आठवलं. घड्याळाचा आकडा तर लख्ख आठवतो. ती उभी होती. मध्ये काही बोलली नाही. किती वेळ थांबली कुणास ठाऊक, मी मोजलं नाही. बोललेलं एक अक्षर आठवलं नाही मला. एक अक्षर नाही.
पालमची एसटी निघेल म्हणाली. फॉर्मची घडी घालून पर्समध्ये ठेवला. ओरिजनल आहे तो, असं म्हणणार होतो, म्हटलं नाही.
झेरॉक्स काढलेली नव्हती. सॅम्पल आता दोनशे नव्व्याण्णव.