वहिनींना परत आणा

प्रिय वहिनी,

स. न. वि. वि.

(मायन्यातच माझा घाम निघाला. ‘सौ.’ लिहायला हात शिवशिवत होता, पण ते आता कागदोपत्री चालत नाही. ‘श्रीमती’ लिहावं तर दादा चांगला धडधाकट असताना उगीच त्याच्या जिवावर उठल्यासारखं होतं. नुसतं नाव लिहावं तर आई म्हणणार, थोरल्यांना नावानं हाक मारायला कधीपासून शिकलीस? म्हणून ‘वहिनी’ लिहिलं. तुमचा आणि दादाचा काडीमोड झाल्यावर तुम्हाला वहिनी म्हणायचा अधिकार मला उरला आहे की नाही, याचीच ही सगळी कथा आहे. आधीच सांगून टाकते: उरला आहे! मी जिंकले आहे! आता सावकाश वाचा.)

तब्येत कशी आहे? नव्या जागेत पाणी वेळेवर येतं का? खिडकी पश्चिमेला आहे असं ऐकलं, तेव्हा दुपारी पडदा ओढून घेत जा, नाहीतर डोकं धराल आणि गोळी न घेता तशाच बसाल. इकडे सर्व ठीक. आईचा गुडघा तिच्या मर्जीप्रमाणे दुखतो. दादा ठीक आहे. (त्याच्याविषयी याहून जास्त लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण पुढे तो येतोच, माझा इलाज नाही.) मी अजून त्याच दातांच्या दवाखान्यात, त्याच काउंटरमागे, माशांच्या टाकीशेजारी. आत डॉक्टर दाढा काढतात आणि बाहेर मी लोकांना ‘दुखणार नाही हं’ असं धडधडीत खोटं सांगत बसते.

तर झालं असं. लग्न होऊन तुम्ही आमच्या घरी आलात आणि आमचा गोतावळा बघून जो घाबरून प्रोग्राम लिहिलात, ‘काय म्हणू?’ नावाचा, दोन माणसं निवडली की कोणी कोणाला काय म्हणायचं ते सांगणारा, तो मी रोज वापरते. तुम्ही तो साऱ्या जगाला फुकट दिलात, आणि वर कोणीही उघडून बघावा, कोणीही दुरुस्त करावा अशी मोकळीकही दिलीत. त्यात आमच्या घराची वंशावळ आहे, आणि ती दादा सांभाळतो. ज्याच्या कपाटात हँगरसुद्धा एकाच दिशेला तोंड करून लटकतात, तो माणूस. कोर्टाचा कागद हातात पडला त्याच संध्याकाळी त्यानं तुमच्या दोघांच्या मधल्या रेघेवर ‘घटस्फोट’ अशी खूण केली. रागानं नव्हे हो, नीटनेटकेपणानं. तुम्ही त्याला ओळखता. दुसऱ्या दिवशी दोन पेशंटच्या मधे मी सहज प्रोग्राम उघडला, एकीकडे मला निवडलं, दुसरीकडे तुम्हाला, आणि इतकी वर्षं जिथं ‘वहिनी’ यायचं तिथं आलं: ‘नातं आढळलं नाही.’ खोटं कशाला बोलू, मला रडू फुटलं. समोरच्या बाईंना वाटलं माझीच दाढ काढायची आहे, त्यांनी मला लवंग देऊ केली.

रडून झाल्यावर राग आला, आणि माझा राग तुम्हाला ठाऊक आहे. मी ठरवलं, हा प्रोग्राम मीच दुरुस्त करणार. (प्रोग्राम लिहायला शिकवणाऱ्या संध्याकाळच्या वर्गात माझं नाव तुम्हीच बळेबळे घातलं होतंत. त्या वेळी तुम्हाला मनातल्या मनात बरंच काही बोलले होते, ते आता मागे घेते.) तुम्ही लक्ष काढून घेतल्यापासून तिथला कारभार एका गृहस्थांकडे आहे. त्यांचं खरं नाव कोणाला माहीत नाही. अगदी ‘हो’ म्हणायचं असलं तरी पुढे टिंब देतात, म्हणून मी त्यांना पूर्णविराम म्हणते. त्यांना मी लांबलचक तक्रार लिहिली, त्यात न्यायालयांविषयीचं माझं मतही आलं. उत्तर आलं: ‘योगदानाची नियमावली वाचावी.’ टिंब.

वाचली. आणि वाचता वाचता कळलं की ती तुम्ही लिहिली आहे! धन्य आहे तुमची. आमच्या घरात गरीब गाय होऊन वावरलात, आईनं भांडी उलटसुलट रचली तरी हूं की चूं केलं नाहीत, आणि इकडे जगाला असा दम भरून ठेवलात? ओळ आत ढकलायची तर टॅबचं बटण दाबायचं नाही, स्पेसचं चारदा दाबायचं. दिसायला दोन्ही अगदी सारखं दिसतं, पण मी टॅब वापरल्याचं पूर्णविरामांनी नुसत्या वासावरून ओळखलं आणि माझी दुरुस्ती साभार परत आली. ते निस्तरलं, तर म्हणे एका ओळीत ऐंशीच्या वर अक्षरं नकोत. वहिनी, ज्या कुळात ‘चुलत आत्येसासूबाई’ हे एकच माणूस आहे, तिथं ऐंशी अक्षरांत दोन बायका धड उभ्या राहत नाहीत! त्यांना दोन ओळींत वाटून बसवलं, तर म्हणे एका वेळी एकच बदल पाठवा. मी जाता जाता साडूच्या खात्यातली एक जुनी चूक सुधारली होती. साडू माघारी पाठवले. एवढं होईपर्यंत दवाखान्यात एका आजोबांना मी दुसऱ्यांदा नाव विचारलं तेव्हा ते म्हणाले, बाई, तुमचं लक्ष कुठे आहे? त्यांना काय सांगणार, सासरच्या माणसांना चार जागा सोडून बसवते आहे म्हणून?

खरी गंमत पुढेच. प्रत्येक बदलाबरोबर त्यात काय केलं याचा एका ओळीचा संदेश जोडायचा असतो. मी भाबडेपणानं लिहिलं, ‘वहिनींना परत आणलं.’ नामंजूर. संदेश आज्ञार्थात हवा. बरं, ‘वहिनींना परत आण.’ नामंजूर. नियमावलीत म्हटलं आहे (म्हणजे तुम्हीच म्हटलं आहे) की आज्ञा प्रोग्रामला द्यायची, आणि ती अहो-जाहोनंच द्यायची, कारण हुकूम सोडताना जीभ सैल सुटते. हे वाचून मी काउंटरवर थांबलेच. जी बाई यंत्राशीसुद्धा आदरानं बोलते तिला संसार टिकवता आला नाही, असं म्हणणारे आमच्या नात्यात दोन-चार आहेत. त्यांच्या तोंडावर मी ती नियमावली मारणार आहे. मग लिहिलं, ‘वहिनींना परत आणा.’ ते चाललं.

नमुना म्हणून तुमचे जुने संदेश बघावेत, असं पूर्णविरामांनी सुचवलं. मी ते छापून घरी नेले आणि हीच चूक झाली, कारण ते जेवणाच्या टेबलावर आईच्या हाती लागले. ‘सासूबाईंना काढून टाका, दोनदा आल्या आहेत.’ ‘दिराला आत सरकवा.’ ‘मामांचा कंस बंद करा.’ आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. ‘दोनदा कधी गेले मी?’ ती म्हणाली. ‘एकदाच गेले होते त्यांच्या खोलीत, तेही चादर द्यायला!’ ही सासूबाई म्हणजे यादीतला एक शब्द, चुकून दोन ठिकाणी लिहिला गेलेला, हे तिला समजावता समजावता आमटी गार झाली. (‘नणंद कुठेच उपयोगात नाही, हटवा’ हा संदेशही मी वाचला. त्याविषयी आपण समोरासमोर बोलू.)

आईचं निभावलं तर दादा उपटला. हे संदेश जगजाहीर असतात हे मी विसरले होते. दादानं वंशावळ नीट करायला प्रोग्राम उघडला, तर वरच माझ्या नावासकट लिहिलेलं, ‘वहिनींना परत आणा.’ भर दुपारी तो दवाखान्यात आला, कानापर्यंत लाल. पेशंटांनी भरलेल्या खोलीत म्हणाला, ‘आमचं दोघांचं ठरलंय ते ठरलंय. तू कोण मधे पडणारी? आणि तेही चारचौघांत?’ सगळे दाढदुखी विसरून आमच्याकडे बघायला लागले. डॉक्टर हातमोज्यांसकट दारात आले. मी म्हटलं, अरे बाबा, ही आज्ञा तुला नाही, प्रोग्रामला आहे! तुमचं तुम्ही तोडलंत, त्यात मी पडत नाही. मला फक्त माझं हवंय. तो टाकीशेजारी बसला. मासे बघत राहिला. मग म्हणाला, ‘ओळींना चार-चार जागा सोडल्यास ना नीट?’ सोडल्या म्हटलं. मान हलवून निघून गेला. वहिनी, तुम्ही आणि तो एकत्र का राहू शकला नाहीत, आणि एकमेकांना का आवडलात, दोन्ही मला त्या एका वाक्यात कळलं.

आता नियम सगळे पाळून झाले होते, मला वाटलं गंगेत घोडं न्हालं. कसलं काय! प्रोग्राममध्ये स्वतःची परीक्षा घेणारा एक भाग असतो, बदल केला की आधीचं काही बिघडलं नाही ना ते तपासणारा. तो माझ्या बदलावर नापासाचा लाल शिक्का मारून मोकळा झाला, कारण त्यात स्पष्ट लिहिलेलं: घटस्फोट झाला की लग्नानं आलेली नाती संपली पाहिजेत. पूर्णविराम म्हणाले, नातं लग्नानं येतं, लग्न गेलं की जातं, यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. टिंब. परीक्षाच चुकीची आहे असं म्हणणं असेल तर ते पुराव्यानिशी आणि सभ्य भाषेत मांडावं. (‘सभ्य भाषेत’ याच्याखाली त्यांनी रेघ मारली होती. माझी पहिली तक्रार ते विसरले नव्हते.)

पुरावा माझ्यासमोर खुर्च्यांवर ओळीनं बसलेला होता! मी येईल त्या पेशंटला विचारायला लागले. नळ दुरुस्त करणारे एक गृहस्थ गालात कापूस धरून म्हणाले की त्यांच्या भावाची पहिली बायको त्यांची वहिनीच आहे आणि दुसरीसुद्धा वहिनीच, दोघी एकाच वेळी समोर आल्या तर ते नळाखाली शिरतात. गाडी शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, काका सोडून गेले, काकू कशाला जातील? एका शिंप्यानं तर मलाच उलट विचारलं, मग दुसरं म्हणायचं तरी काय? नावानं हाक मारू? थोबाडीत नाही का बसणार? डॉक्टर आतून ओरडले की ‘आ’ करायला सांगितलेल्या माणसाशी चर्चा करू नका.

हे सगळं मी लिहून पाठवलं, सभ्य भाषेत, ऐंशी अक्षरांच्या ओळींत. पूर्णविराम म्हणाले, लोक म्हणतात म्हणून नातं होत नाही. आणि तिथंच सापडले! मी तुमच्या नियमावलीचं पहिलं वाक्य उचलून त्यांच्यापुढे ठेवलं, जे सगळेच ओलांडून पुढे जातात: ‘हा प्रोग्राम कोण कोणाचं लागतं हे सांगत नाही, कोणी कोणाला काय म्हणायचं हे सांगतो.’ मी म्हटलं, महाराज, कोण कोणाचं लागतं ते कोर्ट ठरवो. पण प्रोग्रामचं नाव ‘काय म्हणू?’ आहे. मी तिला काय म्हणू? अर्धी रात्र माझ्या उशाशी बसून माझा ताप उतरवलेल्या बाईला मी काय म्हणू? ‘नातं आढळलं नाही’ अशी हाक मारू? जिन्यातून?

दिवसभर उत्तर नाही. मी एका बाईंना उद्याच्याऐवजी कालची वेळ देऊन बसले. आणि संध्याकाळी दिवे लावता लावता उत्तर आलं: ‘मंजूर!’

उद्गारचिन्ह, वहिनी! त्या माणसाच्या आयुष्यातलं बहुधा पहिलंच! मी अशी किंचाळले की आत डॉक्टरांनी मशीन बंद केलं, आणि खुर्चीतल्या पेशंटनं, कशाबद्दल ते न कळताच, तोंडात नळी असताना टाळ्या वाजवल्या. खाली पूर्णविरामांनी बिचकत बिचकत आणखी एक ओळ लिहिली होती. ते दर रविवारी त्यांच्या पूर्वीच्या सासऱ्यांकडे बुद्धिबळ खेळायला जातात आणि इतकी वर्षं त्यांना नुसतं ‘अहो’ म्हणतात. हा बदल त्यांनाही लागू होईल का? मी लिहिलं, होईल. बाबा म्हणा खुशाल. टिंब दिलं.

असा हा विजय. आईला सांगितलं तर म्हणाली, यात जिंकायचं काय होतं, मी तर तिला अजून सूनच म्हणते. आईपुढे कोणाचं काय चालणार! पण मला मनापासून आनंद झालाय आणि तो तुम्हालाच आधी सांगायचा होता.

कळावे, लोभ आहेच, तो तपासून घ्यायची गरज नाही.

तुमची,
जी काय असेन ती

ता. क. : डॉक्टर विचारतात, तुमच्या वरच्या दाढेची कॅप आली आहे, घेऊन जाणार की माशांच्या टाकीत टाकू?

ता. क. २ : एक बारीकशी गोष्ट राहिली. परीक्षेचा भाग बदलायचा असेल तर दोन मंजुऱ्या लागतात. एक पूर्णविरामांची झाली. दुसरी मूळ लेखिकेची. तुमचा अधिकार तिथं अजून तसाच आहे, तुमचं नाव कोणी काढलेलं नाही. महिन्याभरात दुसरी मंजुरी आली नाही तर प्रस्ताव आपोआप बंद होतो. तेव्हा वर ‘जिंकले’ लिहिलं ते थोडं आधीच लिहिलं. तुम्हाला आमच्या घराचं काही नको असेल तर तेही मी समजेन. खरंच समजेन. पण मग नकाराचं कारण लिहावं लागेल, आणि तुम्ही ते काय लिहाल या विचारानं मला झोप येत नाही. तेवढं बटण दाबा ना, वहिनी.

ता. क. ३ : दाबण्याआधी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते, कारण प्रस्तावात ती मी मुद्दामच लिहिली नव्हती. हा बदल दोन्ही बाजूंनी लागू होतो. तुम्ही माझ्या कायमच्या वहिनी झालात, की मी तुमची कायमची नणंद होते, आणि त्यातून तुम्हाला कुठलंच कोर्ट सोडवू शकणार नाही.