गार्गीचा प्रश्न, जपानीत

२ एप्रिल, बुधवार

संजीवची टीम बंद होतेय. मेअखेर शेवटचा दिवस. त्याचा इथे राहायचा पास नोकरीवर, माझा आणि गार्गीचा त्याच्या पासवर. दुसरी नोकरी मिळाली नाही तर महिनाभरात तिघांनी सिंगापूर सोडायचं. पुंगोलच्या जेटीवर फिरताना त्याने हे सांगितलं, हवापाणी सांगावं तसं. गार्गीला इतक्यात काही बोलायचं नाही असं ठरलं.

४ एप्रिल, शुक्रवार

गार्गीने उद्याचा पोशाख घालून दाखवला. तिच्या लाडक्या मांगातली, म्हणजे जपानी चित्रकथेतली, दर्यावर्दी मुलगी — निळा कोट, पाठीवर पुठ्ठ्याचं वल्हं. कोट तिने स्वतः शिवलाय, चौदाव्या वर्षी! उद्या मांगाचा मेळा आहे. मी येऊ का विचारलं, तर इथल्या पोरांच्या सुरात म्हणाली, "नको ना आई. फ्रेंड्स असतील, लाह."

या जपानी चित्रकथांच्या वेडापायी मी पुण्यात पाच वर्षं जपानी शिकले. इथे अकरा वर्षांत त्या जपानीने सॉसच्या बाटल्यांवरची लेबलं तेवढी वाचली.

५ एप्रिल, शनिवार

गेलेच. मागे उभी राहिले. त्या दर्यावर्दी मुलीची चित्रकार स्वतः आली होती, सत्तरीची बाई, सह्या द्यायला. दुभाषी आजारी पडली म्हणून आयोजकांनी माइकवर विचारलं, जपानी कोणाला येतं? माझा हात कधी वर गेला कळलंच नाही. रांगेत उभ्या गार्गीने मान खाली घातली.

पहिल्याच वाक्यात आदरार्थी रूप चुकलं. बाईंनी हसून सुधारलं. मग जीभ सुटली. मुलं इंग्रजीत विचारत होती, मी जपानीत नेत होते, उत्तर परत आणत होते. पाय दुखले तेव्हा कळलं, दीड तास झाला.

गार्गीची पाळी आली. तीही इंग्रजीतच विचारेल असं वाटलं होतं. ती माझ्या अगदी जवळ आली आणि हळूच मराठीत म्हणाली, "आई, यांना विचार — ती एवढी बंदरं फिरते, मग त्यातलं तिचं कुठलं? की कुठलंच नाही?"

म्हणजे हिला कळलंय.

बाईंनी पेन खाली ठेवून वाट पाहिली. मग मी विचारलं, एकही शब्द न गाळता.

त्यांनी गार्गीकडे पाहिलं. "मलाही ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून तर अजून काढतेय."

मी ते मराठीत सांगितलं. गार्गीने मान हलवली आणि सही घेऊन गेली. बाईंनी विचारलं, मुलगी का? हो म्हणाले.

येताना MRTच्या गाडीत ती मैत्रिणींना सोडून माझ्याशेजारी येऊन बसली. बाबांचा नोकरी जाणार असल्याचा मेल तिने सोमवारीच पाहिला होता. वयाच्या तिसऱ्या वर्षी इथे आली. पुण्यात ती कोणालाच ओळखत नाही, म्हणाली. मी तिचा हात धरला. तिने धरू दिला.

१६ एप्रिल, बुधवार

त्या बाईंच्या प्रकाशकांच्या इथल्या ऑफिसातून फोन. बाईंनी माझं नाव सुचवलंय; भाषांतराला माणूस हवाय, पूर्णवेळ. मी आधीच सांगून टाकलं — माझा पास नवऱ्याच्या पासवर आहे, मला माझ्या नावाचा काढावा लागेल. बघू म्हणाले. संजीवला आज तिसरा नकार.

२० एप्रिल, रविवार

टॅम्पिनीसला माझी मैत्रीण सुचित्रा हिच्याकडे जेवायला गेलो. संजीव सगळ्यांना सांगत होता, पुण्याला जायचा विचार आहेच आमचा. गुरुवारी प्रकाशकांकडे झालेल्या माझ्या मुलाखतीचं तिथे कोणालाच सांगितलं नाही.

२९ एप्रिल, मंगळवार

नोकरी मिळाली! पासचा अर्ज ते करणार. संजीवने अभिनंदन केलं, मग भांडी घासत बसला, घासलेलीसुद्धा पुन्हा. मीच विचारलं, तुला पुण्याला जायचंय का? तू सांग, आपण जाऊ. मनापासून म्हणाले की भीतीने, अजून कळत नाही.

नळ बंद करून तो म्हणाला, "अकरा वर्षं तू माझ्या पासवर काढलीस, उल्का. तुला कसं वाटतं, मी एकदाही विचारलं नाही."

पुण्याचा प्रश्न तसाच राहिला.

२२ मे, गुरुवार

माझा पास मंजूर. संध्याकाळी माझ्यावर अवलंबून असणाऱ्यांचा फॉर्म उघडला. गार्गीचं नाव लिहून थांबले. संजीवने शेजारी खुर्ची ओढली आणि स्वतःच्या पासपोर्टचा नंबर वाचून दाखवला, एकेक आकडा, सावकाश. नात्यापुढे मी 'पती' लिहिलं. खाली सही केली.