पान एकशे बाराची तळटीप

इस्लामपूर, मंगळवार

प्रिय दीपमाला,

फोन करायचा सोडून ही बाई पत्र कसलं लिहितेय, असं म्हणशील. अगं, फोनवर तू मला बोलू देतेस का कधी? मी ‘हॅलो’ म्हणते आणि पुढची वीस मिनिटं साताऱ्याच्या बातम्या ऐकते. आज जे सांगायचंय ते मध्येच कुणी ‘हं, मग?’ म्हटलं तर सांगायचं राहूनच जाईल. तेव्हा निवांत वाच. माझं डोकं पार चक्रावलंय, पुढचं मागे झालं तर तूच लावून घे.

मी यंदा वर्गात शिकवते हे तुला माहीत आहे. ग्रंथपालच आहे अजून, पण इतिहासाचे धैर्यशील सर आणि मी मिळून दुसऱ्या वर्षाच्या पेपरात माहिती शोधणं आणि तपासणं घुसवलंय, चांगलं वीस मार्कांना. आधी सर जूनमध्ये पोरं एकदा लायब्ररीत पाठवायचे. मी कपाटं दाखवायची, पोरं कपाटापुढे सेल्फी काढायची, झालं शिक्षण! यंदा मी सरांना म्हटलं, असं पाहुण्यासारखं नको, तुमच्या तासातच मला जागा द्या. सर आधी कुरकुरले, माझा सिलॅबस कधी संपणार म्हणाले. मग जमलं. आता आठवड्यातून एक तास आम्ही दोघं फळ्यापुढे उभे असतो आणि एकमेकांना टोकतो, पोरांना त्याचीच मजा वाटते.

पहिल्याच महिन्यात मी लय भडकले. पोरांनी निबंधाखाली पुस्तकांच्या याद्या जोडलेल्या. एकेक नाव असं भारदस्त, आणि त्यातली निम्मी पुस्तकं जगात नाहीत! मोबाईलला विचारलं, मोबाईलनं रचून दिली. मी वर्गात तडातडा बोलले. नसलेल्या कागदाचा आधार देणं म्हणजे वाचणाऱ्याच्या डोळ्यांत धूळ फेकणं, असं काय काय. शेवटी सर म्हणाले, मॅडम, पाणी घ्या. ते बोलताना माझी जीभ कशी अडखळली नाही, याचं मला आता नवल वाटतं.

त्यावर आम्ही एक काम दिलं. प्रत्येकानं छापील पुस्तकातलं एकच वाक्य घ्यायचं आणि ते कुठून आलं, तिथपर्यंत माग काढत जायचं. समीक्षा नावाची पोरगी आहे, जतकडची, मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातली. कपाटात तिला तुझ्या पीएचडीचं पुस्तक सापडलं. पान एकशे बारा. बहात्तरच्या दुष्काळात, रस्त्याच्या कामावर, राहीबाईनं आपलं तान्हं उचलून मुकादमाच्या खुर्चीत ठेवलं आणि पोरांना सावली मिळेपर्यंत एकाही बाईनं पाटी उचलली नाही. दुसऱ्या दिवशी फांद्यांचा मांडव पडला. समीक्षा हे वाचून नाचतच माझ्या टेबलाशी आली. मॅडम, आमच्याकडच्या बाईचं छापून आलंय! हेच वाक्य घेणार म्हणाली. मी हो म्हटलं. तिथंच मला म्हणता आलं असतं, बाळा, दुसरं घे. पण का म्हणून सांगणार होते?

तुझी तळटीप सांगलीच्या त्या जुन्या साप्ताहिकाची आहे, १४ फेब्रुवारी १९७३. पोरगी एसटीनं चार वेळा सांगलीला गेली. वर्षभराचे अंक पानंपान बघितले, आधीच्या आणि पुढच्या वर्षाचेही. परवा परत आली, पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. मग म्हणाली, मॅडम, त्या तारखेचा अंकच न्हाई. पेपर शनवारी निघायचा, आन ती तारीख बुधवार हाय. आन बातमी तर कुटंच न्हाई. मग खाली मान घालून म्हणाली, मला वाटलं व्हतं, खरं आसंल.

दीपमाला, पुढचं ऐक. येत्या शनिवारी आमच्याकडे पाच कॉलेजांची कार्यशाळा आहे. समीक्षाचं काम सर्वांत चोख, म्हणून सरांनी तिलाच बोलायला उभं केलंय. तिच्या निबंधाचं शेवटचं वाक्य आहे, ‘ही घटना घडल्याचा पुरावा नाही, पुस्तकातून ती वगळावी.’ मी शिकवलं तसंच तिनं केलं. पैकीच्या पैकी मार्क द्यायला हवेत आणि पेन उचलवत नाही.

कारण राहीबाई तर खरी होती ना गं! तुला आठवतं, बावीस वर्षांपूर्वी आपण दोघी जतकडे तिच्या ओसरीवर बसलो होतो. तू पीएचडीसाठी निळ्या वहीत लिहीत होतीस आणि मी नुसती भाकरी मोडत होते. खुर्चीचं सांगताना म्हातारी उठूनच उभी राहिली. ‘म्हनलं, आता बस की रं कुटं बसतोस त्ये!’ आणि हसून हसून तिला ठसका लागला. ते सोंग नव्हतं. तिच्या दोन जावांनीही तेच सांगितलं. पण तुझे गाइड म्हणाले, ओसरीवरच्या गप्पा म्हणजे संशोधन नव्हे, छापील आधार नसेल तर परिच्छेद काढा. कॅन्टीनमध्ये तू रडलीस. सादर करायला आठवडा उरलेला. आणि मग तुला आधार मिळाला.

राहीबाई जाऊन सहा वर्षं झाली. आता शनिवारी तिच्याच भागातली पोरगी उभी राहून तिला खोटी ठरवणार, आणि तिचं चुकलेलं काहीच नाही. गोष्ट खरी, टीप खोटी, आणि टीप खोटी म्हणून गोष्टही जाणार. मी करू तरी काय? घरी जयराजना विचारलं. मिलिटरीतून निवृत्त झालेला माणूस, त्यांचं सरळ असतं. गप बस, कोन इचारतंय, म्हणाले. अहो, तीच तर विचारतेय! आणि विचारायला तिला मीच शिकवलंय.

एवढं वाचून तू पानं उलटत असशील, आपली टीप चुकली कशी म्हणून. तुझी नाही चुकली गं. तेव्हा मी सांगलीच्या त्या ग्रंथालयात मदतनीस होते, साप्ताहिकाच्या फायली माझ्याच ताब्यात होत्या. तीन दिवस मी त्या चाळल्या आणि काही सापडलं नाही. मग कार्डावर मीच एक तारीख लिहिली आणि तुझ्या हातात दिली. शनिवारचं साप्ताहिक मी बुधवारी काढलं, एवढीही अक्कल चालवली नाही. तू मला मिठी मारलीस. अंक दाखव मात्र म्हणाली नाहीस. विश्वास होता म्हणून, की तुलाही उमगलं होतं, हे मला बावीस वर्षं कळलेलं नाही. आज विचारतेय, पण उत्तर नसेल द्यायचं तर नको देऊस. शनिवारी समीक्षाचं बोलणं संपलं की मी उठून सगळ्यांसमोर हे सांगणार आहे. तुझं नाव निघेल, तुझ्या पुस्तकावर बोट येईल, तू कदाचित माझं तोंड बघणार नाहीस. म्हणून हे दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आधी माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी लिहिलं. ती निळी वही अजून असेल तर शनिवारी घेऊन ये. माझ्यासाठी नको, समीक्षाच्या हातात दे. नसेल तर तू नुसती ये. टीप मी नव्यानं लिहून ठेवली आहे, जी तेव्हाच लिहायला हवी होती: ‘राहीबाई, जतकडची, स्वतःच्या तोंडून, स्वतःच्या ओसरीवर. ऐकणाऱ्या दोघी.’

त्या दोघींतली एक,
तुझीच
माया