फोनवरची ती एक ओळ

तारीख चौदा, रविवार, दुपारची जेवणं झाल्यावर

तीर्थरूप आत्याला साष्टांग नमस्कार. घातला असं समज, कारण या खोलीत खरंच साष्टांग आडवं व्हायचं तर पैलवानाला आधी बाहेर काढावं लागेल. तुझा गुडघा कसा आहे? कोमट तेल लावतेस ना, की नुसती बाटली उन्हात ठेवतेस?

पत्र मी मुद्दाम लांबवलं. वेळ मिळाला नाही असं लिहिणार होतो, पण तू मला ओळखतेस, माझ्याकडे आयुष्यात दुसरं काही नसलं तरी वेळ कायम होता. तुझी पत्रं उशाखाली आहेत. दर सुट्टीला लिहायला बसलो, वर तारीख घातली, मग पेन अडखळायचं, मग पेन घ्यायला खाली, खाली गेलं की रस्ता, आणि रस्ता दिसला की माझे पाय काय करतात ते तुला सांगायला नको. उगाच नाही तू मला भिंगऱ्या म्हणत. एकदा तर पेन आणायला गेलो आणि एका पुलावर उभं राहून माणसं मासे धरतात ते बघत बसलो. कुणाला एकही मासा लागला नाही. संध्याकाळी परत आलो, पेन विसरलो होतो.

माझं काम आता ठरलं आहे. आधीची दोन सोडली, त्याचं पुराण नंतर. आता कपडे धुण्याच्या कारखान्यात आहे. मोठमोठ्या हॉटेलांच्या चादरी येतात. धुतलेली ओली चादर दोघांनी दोन कोपऱ्यांना धरायची, ताणायची आणि तापलेल्या रुळावर सोडायची. पलीकडून ती कडक होऊन बाहेर पडते. माझ्या समोरच्या टोकाला पैलवान असतो. नाव पैलवान, पण अंगानं असा की वारा सुटला तर त्याला चादरीबरोबरच वाळत घालावं. आपल्याच भाषेचा आहे, इथं फार वर्षं काढली आहेत, इथलं लिहिणं-वाचणं त्याला येतं. पहिल्या दिवसांत रुळाचा चटका बसला की मी हात झटकायचो. तो म्हणाला होता, पुढं कळायचं बंद होईल. तसं झालं. आता बोटांना गरम काय नि गार काय.

तू प्रत्येक पत्रात एकच गोष्ट विचारतेस आणि मी लिहायला बसलो की तुझ्या गुडघ्याच्या पुढं जात नाही. आज लिहितो. पण जरा मागून येतो, कारण सरळ येता येत नाही मला.

दादाचा तो फोन मी निघताना तू माझ्या पिशवीत घातलास, फडक्यात गुंडाळून. दादाकडून आलेल्या गवंडीकाकांनी तो आणून दिला तेव्हा काय सांगितलं होतं ते मला पाठ आहे. तुमच्या लेकानं सांगितलंय, आता पत्रं नकोत, आईला ऐकू येत नाही तर यावर लिहून लिहून बोलू. तुमचं सिमकार्ड घाला, सुरू होईल. मी तुझं कार्ड घातलं. फोन चालू झाला, पांढरा उजेड आला, आणि त्यावर ती ओळ उमटली, इथल्या भाषेत, इथल्या लिपीत. त्याच्या पुढं काही जाईना. दुरुस्तीवाला म्हणाला, आतून कुलूप आहे. मास्तर म्हणाले, कंपनीचं काहीतरी असेल. गवंडीकाका तोवर दुसऱ्याच मुलखात कामाला गेले. तू दादाच्या जुन्या पत्त्यावर पत्र घातलंस, ते तसंच परत आलं.

तू मात्र कुणाचं ऐकलं नाहीस. तुला ऐकू येत नाही याचा तेवढा एक फायदा तू नेहमी घेतेस. तू म्हणायचीस, त्यानं लिहिलंय, आपल्याला वाचता येत नाही हा आपला दोष. रोज फोन चार्जिंगला लावायचीस आणि समोर बसायचीस, उजेड बदलतो का बघत.

आणि आतोबा. दादा शिलाईचं मशीन सोडून परदेशी गेला तेव्हापासून त्यांनी घरात त्याचं नाव काढू दिलं नाही. दुकानात गिऱ्हाईकानं विचारलं तरी तोंडात टाचण्या धरून बसायचे. शेवटी अंथरुणाला लागले, आणि एके दुपारी त्यांनी आपण होऊन फोनकडे हात केला. काय लिहिलंय, असं विचारलं. मी पायाशी बसलो होतो. तू त्यांच्या ओठांकडे बघितलंस, फोन त्यांच्या डोळ्यांपुढं धरलास आणि वाचून दाखवलंस.

"येतो, असं लिहिलंय."

आतोबांनी मान हलवली. मग भिंतीकडे वळले. मग काय ते तुला माहीत आहे.

बाहेर येऊन तू मला म्हणालीस, मला तसंच वाटतं त्यात, पण तू तिकडं गेलास की नीट वाचून घे आणि कळव. जे असेल ते कळव.

आत्या, या कारखान्यात लागलो त्याच्या पहिल्याच आठवड्यात मी ते वाचून घेतलं.

कारखान्यानं मला इथलं एक कार्ड दिलं. म्हटलं दादाचा फोन इथलाच, माहेरी आलाय, इथं तरी चालेल. कार्ड घातलं, तर तीच ओळ. पैलवान खाटेवर बसून नखं काढत होता. त्याच्यापुढं धरला. मी त्याला काय आहे, कुणाचं आहे, काही बोललो नव्हतो. त्यानं वाचलं आणि हसला.

"अरे, यात काय वाचायचं? हे कार्ड या फोनला चालणार नाही. ज्या कंपनीकडून फोन घेतला तिला विचारा. एवढंच आहे."

मी म्हटलं, खाली कुणाचं नाव वगैरे? तो म्हणाला, कंपनीच्या सूचनेखाली नाव कसलं, माझ्या आज्याचं?

मग मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं नेलकटर खिशात घातलं. नखं अर्धीच राहिली त्याची.

तर ते दादानं लिहिलेलं नाही, आत्या. तो फोन कंपनीनं तिच्याच कार्डापुरता बांधून दिलेला असतो. दादानं तो कोरा करून पाठवला आणि कुलपाचं विसरला, नाहीतर त्याला ठाऊकच नसेल. तो इथं तुझ्या लिहिण्याची वाट बघत राहिला असणार आणि तू तिथं त्याच्या. हे मला कळलं तेव्हा वाईट वाटलं का, असं विचारशील तर सांगता येत नाही. मी त्या दिवशीही कामावर गेलो. चादरी ताणल्या. जेवलो. सगळं आवाज बंद केलेल्या टीव्हीसारखं चाललं होतं.

हे लिहून पाठवायचं होतं. पण तेवढंच कसं पाठवू? म्हटलं पुढचं काहीतरी हाती लागू दे, मग दोन्ही एकदम लिहू.

म्हणून त्या कंपनीच्या दुकानात गेलो. पैलवानही आला, चादरीचं दुसरं टोक धरायची सवय. काउंटरवरच्या मुलीनं फोनचा नंबर मशीनमध्ये घातला. म्हणाली, आमचं कार्ड घ्या, लगेच चालेल. दुसरं कार्ड घालायचं असेल तर कुलूप काढावं लागेल, आणि ते मालकाच्या परवानगीशिवाय निघत नाही. पैलवान म्हणाला, घे त्यांचं कार्ड आणि चल, भूक लागलीय. मी विचारलं, मालक कोण? ते सांगता येत नाही म्हणाली. मग विचारलं, मालक आहे का? तिला प्रश्न कळला नाही. पैलवानानं दोनदा फिरवून विचारला. ती म्हणाली, खातं चालू आहे, म्हणजे आहे.

तेवढं ऐकून मी स्टुलावर बसलो.

तिनं सांगितलं, आम्ही मालकाच्या फोनवर विचारणा पाठवू शकतो. अमुक माणसाकडे तुमचा फोन आहे, या पत्त्यावर राहतो, कुलूप काढू का? तो हो किंवा नाही म्हणेल. मी म्हटलं, पाठवा. तिनं नाव विचारलं. मी शाळेतलं नाव सांगितलं, आडनावासकट. बाहेर आल्यावर माझं मलाच हसू आलं. ते नाव दादाला कुठून माहीत असणार? मामाचा पोर म्हणजे त्याच्यासाठी भिंगऱ्या. तो गेला तेव्हा मी चड्डीला नाडी बांधत होतो. पण परत जाऊन मुलीला म्हणणार काय, भिंगऱ्या असं लिहा?

मग रोज काम सुटल्यावर दुकानावरून घरी. वाट वाकडी होते, पण माझी सरळ कधी होती? ती मुलगी मला लांबून बघून मान हलवायची, अजून नाही. मी तिकडून पुढं निघायचो. एकदा बस आगारापर्यंत चालत गेलो, आगारवाल्यानं हाकलेपर्यंत रिकाम्या बसगाड्या बघत होतो.

गेल्या मंगळवारी तिनं हातानं आत बोलावलं. उत्तर आलं होतं. तिनं मशीन माझ्याकडे फिरवलं. तेवढा एक शब्द इथल्या भाषेतला मला आता वाचता येतो.

नाही.

त्यानं नाही म्हटलंय, आत्या.

हेच मला लिहवत नव्हतं. तुझा मुलगा आहे, धडधाकट आहे, याच शहरात किंवा आसपास कुठंतरी आहे. त्याला विचारलं, आणि तो नाही म्हणाला. हे तुला कसं लिहायचं याच्यावर पाच दिवस घालवले. पैलवान म्हणतो, लिहू नकोस, सापडला नाही असं कळव, म्हातारं माणूस आहे. पण तू जे असेल ते म्हणाली होतीस. आणि तुझ्याशी खोटं बोललेलं तू ओठांवरून ओळखतेस, पत्रातूनही ओळखशील.

रडू वगैरे आलं नाही. शर्ट धुतला. आतोबांनी मला निघायच्या आधी शिवून ठेवला होता ना, निळ्या रेघांचा, तो. शेवटी शेवटी त्यांचा हात थरथरायचा, त्यामुळे खिसा जरा खाली उतरलाय. मी तो सुट्टीच्या दिवशीच घालतो. कॉलरच्या आतल्या बाजूला त्यांची ती लाल दोऱ्याची फुली आहे, प्रत्येक कपड्याला घालायचे ती. गिऱ्हाईक विचारायचं, हे काय, तर म्हणायचे, माझं अंगठ्याचं निशाण. आता तो शर्ट उलटा करून दोरीवर घातलाय, दारासमोरच, कारण खिडकीकडची दोरी पैलवानाच्या ताब्यात आहे. फोन खिडकीत चार्जिंगला आहे. तुझी सवय मला लागली.

थांब. खालून पैलवान ओरडतोय. म्हणतोय, कुणीतरी फोनचोराला शोधत आलंय, वर पाठवू का.

*

पेन खाली ठेवून उठलो होतो. आता परत घेतलंय. अक्षर बघू नकोस.

दारात एक माणूस उभा होता. डोक्यावर केस कमी, अंगात स्वच्छ कोट, चेहऱ्यावर भांडायची तयारी. इथल्या भाषेत त्यानं मला शाळेतल्या नावानं विचारलं, तूच का. मी मान हलवली. मग भराभर काहीतरी बोलला, त्यातला फोन एवढाच शब्द मला कळला. बोलता बोलता त्याची नजर दोरीवर गेली आणि तो थांबला. पुढं आला, शर्टाची कॉलर चिमटीत धरली आणि त्या फुलीवर अंगठा ठेवून उभा राहिला. मग खिसा बघितला. माझ्या तोंडाकडे अजून बघितलंच नव्हतं.

मग आपल्या भाषेत म्हणाला, "खिसा वाकडा बसलाय. अण्णांचा हात असा कधी गेला नाही."

मी म्हणालो, "शेवटी शेवटी थरथरायचा."

तोंडातून गेलं, आत्या. सांगायची अशी पद्धत नसते, कळतं मला. त्यानं 'शेवटी' हा शब्द ऐकला. माझ्या खाटेवर बसला. शर्ट मांडीवर घेतला, ओलाच.

मग त्यानं खिडकीतल्या फोनकडे बोट केलं. म्हणाला, तो माझ्या आईचा आहे. तिच्यापर्यंत तो पोचलाच नाही, कुणीतरी वाटेत लांबवला, असं मी धरून चाललो होतो. म्हणून नाही म्हटलं. म्हणून आलो, चोराला बघायला.

मी सांगितलं, पोचला होता. ती रोज त्याच्यासमोर बसायची. त्यावर काय लिहिलंय ते तिला वाचता येत नव्हतं.

पैलवान दारातच उभा आहे, आत येत नाही, बाहेरही जात नाही. दादा शर्टाच्या खिशाची शिवण अंगठ्यानं सरळ करायला बघतोय. ती होत नाही. मला त्यानं ओळखलं की नाही, माहीत नाही. मी भिंगऱ्या म्हणालो तेव्हा फक्त "उंच झालास" म्हणाला.

आतोबांना तू काय वाचून दाखवलंस ते मी त्याला सांगितलेलं नाही. ते तुझं आहे.

मघाशी त्यानं विचारलं, कुणाला लिहितोयस. मी कागद पुढं केला. त्यानं वाचला नाही, वरचं 'आत्याला' तेवढं बघितलं. आता हात पुढं करून बसलाय. पेन मागतोय. देतो.

तुझा,
भिंगऱ्या

याच्या खालचं अक्षर माझं नाही. तू ओळखशील.