चुंबक बंद केल्यावरही

प्रिय ताई,

तुला पत्र लिहायची कधी वेळच आली नव्हती. एकाच लॅबमध्ये काम आणि एकाच घरात जेवण. आज लिहितेय, कारण हे आधी दुसऱ्या कोणाला सांगायची माझी छाती होत नाही.

शनिवारी ठाण्यात तुझी शोकसभा आहे. पडद्यावर तुझा आलेख लावणार आहेत. म्हटलं, ताजा काढू. म्हणून काल वागळे इस्टेटच्या आपल्या लॅबमध्ये तुझी तार पुन्हा थंड केली.

आठवतं, आईला कसं समजावलं होतंस? सुपरकंडक्टरचा मुलामा दिलेली, केसाहून कितीतरी बारीक तार. चुंबकाचा जोर वाढवला की तिच्यात एक अजब अवस्था जन्मते, अर्धी या टोकाला, अर्धी त्या टोकाला, आणि आलेखात बरोबर शून्यावर शिखर उभं राहतं. "चुंबक बंद केला की ते गेलंच पाहिजे. नाही गेलं, तर ते आपलं नव्हेच," असं तूच म्हणालीस. आईने तो आलेख फ्रेम करून घेतला. आता तो तुझ्या फोटोला लागून आहे, दोघांना मिळून एकच हार.

काल मी चुंबक न लावताच मोजायला सुरुवात केली. शिखर होतं! सगळं बंद करून पुन्हा मोजलं, तरी होतं. तारेतल्याच कुठल्यातरी दोषाचा तो खेळ असणार.

तू हे कधीच कसं पाहिलं नाहीस गं? मग लक्षात आलं. नंतर चुंबक चढवला किंवा उतरवला की तार तापते, पुन्हा थंड व्हायची वाट बघावी लागते. म्हणून तू थंड होता होताच तो लावून ठेवायचीस. चुंबकाशिवायची तार आपण पाहिलीच नव्हती. एवढी घाई कसली, असं विचारलं की म्हणायचीस, "डोंबिवलीला आई जेवायची थांबलीये." राग येतो तुझा, ताई. एक फोन करून तिला जेवून घे म्हणाली असतीस तर?

आज सकाळी हार बदलताना आई आपणहून म्हणाली, "एवढं मोठं काम, आणि पोर रोज जेवायला घरी हजर. कसं जमवायची गं ती?" मी जुना हार पिशवीत भरला. तिची नजर आलेखावरून हलेना.

शनिवारी मी उभी राहून सांगणार आहे की ते शिखर आपलं नव्हतं. त्याआधी घरी आईला सांगेन, फ्रेम उतरवेन. चूक कशी झाली तेही सांगेन. घाई कोणासाठी होती, ते मात्र माझ्या तोंडून कधीच निघणार नाही, हा तुला शब्द.

फक्त तिने पुन्हा विचारायला नको.

तुझीच,
नीलू