तीन मिलिमीटर उजवीकडे

प्रिय चिमे,

काल हॉस्पिटलातून परत येताना तू मला तीनदा विचारलंस, "दादा, ऑपरेशन पुढे का ढकललं रे?" आणि तिन्ही वेळा मी "काय माहीत" म्हणालो. आईने तर वॉर्डातल्या नर्सला फैलावर घेतलं होतं. "पोरीला उपाशी ठेवलं, गाऊन चढवला, आणि आता म्हणे सामान तयार नाही!" ती बिचारी ऐकून घेत होती आणि मी खिडकीबाहेर बघत होतो. सोमवारी तुला पुन्हा त्याच टेबलावर झोपायचं आहे. त्याआधी तुला काही गोष्टी माहीत हव्यात.

मी लॅबमध्ये काय करतो हे तू मैत्रिणींना "दादा प्लास्टर कालवतो" असं सांगतेस. खोटं नाही. नववीत शाळा सोडलेल्याला सुरुवातीला तेवढंच काम मिळालं. पण गेली चार वर्षं जबड्याच्या ऑपरेशनचे साचे मीच करतो. पेशंटच्या दातांचे वरचे-खालचे प्लास्टरचे ठसे बिजागरीच्या एका चौकटीत बसवायचे, म्हणजे ते तोंडासारखे उघडतात आणि मिटतात. मग सर्जन मॅडमच्या चिठ्ठीप्रमाणे वरचा ठसा करवतीने कापून ठरलेल्या जागी सरकवायचा आणि मेणाने पक्का करायचा. त्या जागेवरून दातांच्या खळग्यांची एक पारदर्शक चकती बनते. तिला स्प्लिंट म्हणतात. ऑपरेशनमध्ये मॅडम वरचा जबडा खरोखरच कापून मोकळा करतात. तो कुठे बसवायचा हे ती चकती सांगते. मग पट्ट्या आणि स्क्रू लावतात. खालचा जबडा नंतर वरच्याला जुळवतात. म्हणजे चकती चुकली की पुढचं सगळंच चुकलं.

तुझी चिठ्ठी आली तेव्हा काकांनी, म्हणजे आमच्या लॅबच्या जुन्या कारागिरांनी, विचारलं होतं, "बहिणीचं आहे, मी करू का?" मी म्हणालो, "तुम्ही कशाला, मीच करणार." दोन वर्षं तू तारा बांधून घेतल्यास, हसताना तोंडावर हात धरलास. ते सगळं मी पाहिलं होतं. तुझं काम दुसऱ्याच्या हातात द्यायला मन होईना.

काकांचा एक नियम आहे. चौकटीची पाठ आपल्याकडे ठेवायची, आपण पेशंटच्या मागे बसलोय असं समजून काम करायचं. म्हणजे त्याचा उजवा हात तोच आपला उजवा हात. पहिल्या महिन्यात मी विसरलो की ते मानगूट धरून चौकट फिरवायला लावायचे. तेव्हापासून एकाही अनोळखी माणसाच्या बाबतीत मी चुकलो नाही. तुझ्या वेळी मात्र मी चौकट माझ्याकडे वळवून घेतली. तुझे दात मला समोरून बघायचे होते. त्यांतला टवका उडालेला दातसुद्धा प्लास्टरमध्ये जसाच्या तसा उतरला होता. चिठ्ठीत लिहिलं होतं, तीन मिलिमीटर उजवीकडे. मी तीन मिलिमीटर मोजले, पुन्हा मोजले, तिसऱ्यांदा मोजले. उजवीकडेच सरकवलं, पण माझ्या.

काल सकाळी तू गाऊनमध्ये बसून बत्तिशी दाखवलीस. "दादा, वाकड्या दातांचं शेवटचं दर्शन घे," म्हणालीस. मी समोरच्या स्टुलावर होतो. तुझ्या पुढच्या दोन दातांमधली फट नाकाच्या खाली नव्हती, माझ्या उजव्या हाताच्या बाजूला होती. आणि मी ती आणखी तिकडेच नेली होती. पाणी आणतो म्हणून मी निघालो, तो थेट ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत पळालो. मॅडम हात धुवायला निघाल्या होत्या. माझं बोलणं त्यांनी उभ्याउभ्या ऐकलं. "माझ्या लक्षात आलं असतंच," त्या म्हणाल्या, "पण हाड कापल्यावर." बाहेर येऊन त्यांनी तुम्हाला फक्त सामान तयार नाही एवढंच सांगितलं. माझं नाव घेतलं नाही.

काका म्हणतात, घरी बोलू नकोस, वेळेवर सांगितलंस, विषय संपला. आणि नवी चकती तूच कर, ही चूक आता तुझ्या हातून जन्मात होणार नाही. मॅडमचीही हरकत नाही. पण तू परवा आईला सांगत होतीस, "दादाने केलंय ना, मग मला कसली भीती?" ते तू खरं माहीत नसताना बोललीस. तोंडावर सांगितलं असतं तर तू लगेच "जाऊ दे रे" म्हणाली असतीस, आणि माझा चेहरा बघून म्हणाली असतीस. तसलं उत्तर मला नको. म्हणून हे लिहून तुझ्या उशाशी ठेवतोय आणि कामाला निघतोय. तुझे नवे ठसे लॅबमध्ये वाळत आहेत, अजून करवत लावलेली नाही. उद्या सकाळी लावावीच लागेल. जबडा तुझा आहे, तेव्हा चकती कोणी करायची हे तू ठरव. या कागदाच्या मागे "दादा" किंवा "काका" एवढंच लिही आणि सकाळी मी निघायच्या आत माझ्या हातात दे. "काका" लिहिलंस तर कारण विचारणार नाही. त्यांना प्लास्टर कालवून देईन आणि बाजूला उभा राहीन.

तुझाच,
काल तीनदा खोटं बोललेला
दादा